नांवाचा राजा आणि कामाचा राजा

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत कयाधू नदीच्या परिसरांतील हिंगोली गांवीं एखादा परदेशी प्रवासी उतरला असता, तर एका साध्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास त्याला फार सायास पडले असते. या मुलखाचा राजा कोण, हा तो प्रश्न. बाजारांत चालणाऱ्या रुपयावर नांव दिल्लीच्या बादशहाचें होतें. मुलूख हैदराबादच्या निजामाचा होता. गांवालगतच्या छावणींतील फौजही निजामाचीच म्हणविली जाई व तिचा पगार निजामाच्या खजिन्यांतून येई. परंतु त्या फौजेला हुकूम देणारे अंमलदार इंग्रज होते व ते हैदराबादेच्या रेसिडेंटाच्या तंत्रानें चालत. ज्या कंपनीचा तो रेसिडेंट, ती कंपनी तरी स्वतंत्र होती काय? बंगालचा वसूल ती घेत होती तो १७६५ सालीं बादशहा शाह आलम यानें दिलेल्या दिवाणीच्या सनदेवर. म्हणजे प्रवासी ज्या रुपयापासून निघाला, त्याच रुपयावरील नांवापाशीं तो फिरून येऊन पोंचला असता! आणि त्या नांवाचा धनी दिल्लीच्या किल्ल्यांत कंपनीच्या नेमणुकीवर गुजराण करीत होता.

नांव एकाचें, गादी दुसऱ्याची, तलवार तिसऱ्याची आणि वसूल चौथ्याचा, ही अवस्था ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. इतिहासांत मात्र ती विरळा नाहीं. मराठ्यांच्या इतिहासाचा उत्तरार्ध तर या एकाच सूत्रावर चाललेला आहे. त्या सूत्राचें मर्म नीट ध्यानांत येण्यासाठीं प्रथम मराठी मुलखापासून फार दूर, जपानच्या बेटांत, व सुमारें साडेआठशें वर्षें मागें जावें लागतें.

जपानांत सम्राट हा सूर्यदेवतेचा वंशज मानला जाई. त्याला पदच्युत करून दुसऱ्या घराण्याचा पुरुष गादीवर बसवावा, ही कल्पना तेथें कोणासही शिवली नाहीं. पण सम्राटाच्या हातीं सत्ता असावीच, असाही कोणाचा आग्रह नव्हता. फुजिवारा नांवाच्या एका सरदार घराण्यानें आपल्या मुली राजवाड्यांत द्याव्या, त्यांच्या पोटीं झालेल्या मुलास बालपणींच गादीवर बसवावें आणि त्याच्या नांवानें स्वतः कारभार पाहावा, असा क्रम कित्येक पिढ्या चालला होता. या जाचांतून सुटण्याचा एक अजब मार्ग शिराकावा नांवाच्या सम्राटानें काढला. इ. स. १०८६ सालीं त्यानें राज्यत्याग केला. मुलाला गादीवर बसविलें, स्वतः निवृत्त झाला, पुढें मुंडन करून बौद्ध दीक्षाही घेतली, आणि त्या निवृत्तींतून खरा राज्यकारभार हातीं घेतला! गादीवरील सम्राट समारंभांत व सोंवळ्याओंवळ्यांत जखडलेला असे. निवृत्त सम्राट मोकळा. त्याची कचेरी निराळी, कारभारी निराळे, जमिनीचें उत्पन्न निराळें. एकामागून एक तीन सम्राट या पद्धतीनें गादीवर बसवून शिराकावा ११२९ पर्यंत राज्य करीत राहिला. त्याच्यामागें त्याचा नातू तोबा यानें तोच कित्ता गिरविला.

पण ज्या घरांत एक धनी गादीवर आणि दुसरा गादीच्या मागें, त्या घरांत तिसऱ्याच्या तलवारीला काम मिळतें. तोबा ११५६ सालीं वारला, तों त्याचे दोन मुलगे, एक निवृत्त सम्राट सुतोकू आणि दुसरा गादीवरील गो-शिराकावा, एकमेकांविरुद्ध उभे राहिले. दोघांपाशींही स्वतःचें सैन्य नव्हतें. तेव्हां त्यांनीं प्रांतोप्रांतींच्या योद्ध्यांना राजधानींत बोलाविलें. या योद्ध्यांत ताइरा व मिनामोतो हीं दोन घराणीं प्रमुख होतीं. त्या लढाईंत घराणीं मधोमध फाटलीं: मिनामोतो घराण्यांतील बाप एका बाजूस, मुलगा दुसऱ्या बाजूस, ताइरा घराण्यांतील चुलता एका बाजूस, पुतण्या दुसऱ्या बाजूस. लढाई एका रात्रींत संपली. सुतोकू हद्दपार झाला, आणि जिंकलेल्या पक्षांतील मुलाला आपल्या हरलेल्या बापाचा वध झालेला पाहावा लागला. चार वर्षांच्या आंत ताइरा घराण्याच्या कियोमोरीनें मिनामोतोंचा नायनाट केला. पण मारलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या योरितोमो नांवाच्या अल्पवयी मुलास त्यानें जीवदान दिलें. वीस वर्षांनीं तोच मुलगा पूर्वेकडील प्रांतांतून सैन्य घेऊन उठला. कियोमोरीनें आपल्या मुलीच्या तान्ह्या मुलास, आंतोकूस, गादीवर बसविलें होतें. ११८५ सालीं दान-नो-उरा येथील समुद्रयुद्धांत ताइरांचा पाडाव झाला, तेव्हां त्या सहासात वर्षांच्या सम्राटाला त्याच्या आजीनें पोटाशीं धरलें व समुद्रांत उडी घेतली.

योरितोमोनें राजधानींत राहण्याचा मोह टाळला. दूर कामाकुरा येथें त्यानें आपली छावणी केली. सम्राटाच्या गादीला त्यानें हात लावला नाहीं. गांवोगांवच्या जहागिरींवर वसुलासाठीं व बंदोबस्तासाठीं आपले योद्धे नेमण्याची मोकळीक मात्र त्यानें दरबाराकडून मिळविली. निवृत्त सम्राट गो-शिराकावा जिवंत असेपर्यंत त्याला शोगुन म्हणजे सेनापति ही पदवी मिळाली नाहीं; ती ११९२ सालीं, त्या म्हाताऱ्याच्या मृत्यूनंतर मिळाली. गंमत अशी कीं, योरितोमोच्या पश्चात् त्याच्या घराण्याचीही तीच गत झाली. त्याच्या बायकोच्या माहेरचे होजो हे कारभारी बनले आणि शोगुनपदावर राजधानींतून आणलेलीं मुलें बसविण्यांत येऊं लागलीं. सम्राट, त्याच्यामागें निवृत्त सम्राट, त्याच्या नांवें शोगुन, शोगुनाच्या नांवें होजो: हिंगोलीच्या बाजारांतील प्रवाशास हें गणित लगेच उमगलें असतें.

आतां मराठी राज्याकडे वळावें. १७०० सालच्या मार्चमध्यें सिंहगडावर राजाराम महाराजांचा अंत झाला, तेव्हां त्यांची राणी ताराबाई ऐन पंचविशींत होती. तिनें आपल्या लहानग्या मुलास गादीवर बसविलें आणि सात वर्षें औरंगजेबासारख्या शत्रूशीं राज्याचा झगडा चालविला. १७०७ सालीं औरंगजेब मरण पावला, मोगलांच्या कैदेंत वाढलेले शाहू महाराज सुटून दक्षिणेंत आले आणि गादी कोणाची हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षीं खेडच्या लढाईंत शाहूंची सरशी झाली व पुढील वर्षाच्या आरंभीं साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईनें पन्हाळ्याकडे निराळी गादी मांडली. तेथेंही १७१४ सालीं तिच्याच सवतीनें, राजसबाईनें, आपल्या मुलास पुढें करून तिला अटकेंत टाकलें. अशा रीतीनें मराठी राज्याच्या दोन गाद्या झाल्या. दोन गाद्या झाल्या म्हणजे सरदारांचा भाव वाढतो. आज साताऱ्याकडे असलेला सरदार उद्यां कोल्हापुराकडे जाऊं शकत होता. त्याला राखावयाचें तर कांहीं तरी द्यावें लागे. आणि देण्यासारखी वस्तु एकच होती: वसुलाचा वांटा.

हा वांटा कसा पाडण्यांत आला, हें पाहिलें म्हणजे पुढील शंभर वर्षांचा इतिहास उलगडतो. १७१९ सालीं पेशवा बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आला. त्या सनदांनीं स्वराज्याचा मुलूख मान्य झाला, आणि दक्षिणेंतील खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, विजापूर व हैदराबाद या सहा सुभ्यांत चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क शाहू महाराजांस मिळाला. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी म्हणजे शेंकडा दहा. चौथाईची जी वांटणी ठरली तींत राजबाबती म्हणून शेंकडा पंचवीस छत्रपतींचे, सहा पंतसचिवाचे, तीन छत्रपतींच्या मर्जीप्रमाणें द्यावयाचे, आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. शंभरांतील सहासष्ट ज्याच्या हातीं, फौज त्याच्या हातीं; आणि फौज ज्याच्या हातीं, राज्य त्याच्या हातीं. शिवाय एका सरदारास सलग मुलूख न देतां येथला एक महाल व तेथला एक महाल असा तुटक वसूल लावून दिलेला असे. त्यामुळें सरदार सहसा स्वतंत्र होऊं शकत नसे हें खरें. पण त्यांची आपसांतील तंटेबखेड्यांची गांठही कधीं सुटली नाहीं.

ज्या शेतकऱ्याच्या जिवावर हे आंकडे मांडले जात होते, त्याच्याकडेही पाहिलें पाहिजे. हिंगोलीचा टापू वऱ्हाडच्या सुभ्यांत मोडे. १७२४ सालीं साखरखेर्डा येथील लढाईनंतर हा सुभा निजामउल्मुल्काच्या हातीं पक्का आला. त्या लढाईची हकीकत मासलेवाईक आहे. निजामाचें पारिपत्य करावें म्हणून बादशहानेंच आंतून मुबारिजखानास उठविलें होतें. मुबारिजखान लढाईंत पडला, तेव्हां निजामानें त्याचें शिर दिल्लीस पाठविलें व एका बंडखोराचा नाश झाल्याबद्दल बादशहाचें अभिनंदन केलें! बादशहानेंही निजामास आसफजाह हा किताब देऊन तें अभिनंदन मुकाट्यानें पचविलें. याच मुलखांत एकीकडे निजामाचा अंमलदार सरकारसारा घेई, तर दुसरीकडे मराठ्यांचा कमाविसदार चौथाई मागण्यास येई. १७२८ सालीं पालखेड येथें बाजीरावानें निजामास कोंडीत धरल्यावर मुंगी-शेवगांवच्या तहानें हा हक्क निजामाला पुन्हां मान्य करावा लागला. या दुहेरी कारभारास त्या काळीं दुअंमल म्हणत. दोन अंमलदारांपैकीं एक बादशहाचें नांव घेई, दुसरा छत्रपतींचें. पण खळ्यावरचें धान्य दोघांसही हवें होतें, आणि तें एकच होतें.

शाहू महाराज जिवंत असेपर्यंत साताऱ्याची गादी केवळ नांवाची नव्हती. महाराज स्वतः स्वारीवर क्वचित् जात. परंतु सरदारांच्या भांडणांत त्यांचा शब्द शेवटचा असे. १७३१ सालीं बाजीरावाची आणि सेनापति दाभाड्यांची डभईस लढाई झाली. तींत त्रिंबकराव दाभाडे ठार झाला, तेव्हां त्याच्या आईचें, उमाबाईचें, समाधान करण्यास महाराजांस स्वतः पुढें व्हावें लागलें. १७४३ सालीं पेशवा बाळाजी बाजीराव आणि नागपूरकर रघूजी भोसले बंगालच्या चौथाईवरून हातघाईवर आले, त्या वेळीं दोघांनाही साताऱ्यास बोलावून महाराजांनीं मुलखाची वांटणी करून दिली, व ती दोघांनीं ऐकली. घरांत वडील माणूस बसलेलें असलें म्हणजे भावाभावांचे हात जसे आंखडतात, तसा तो प्रकार होता. पण महाराजांस पुत्र नव्हता.

तेव्हां ताराबाई पुन्हां इतिहासांत आली. १७३० नंतर ती साताऱ्यासच नजरकैदेंत राहिली होती. तिनें असें जाहीर केलें कीं, आपल्या मुलाचा मुलगा, रामराजा, जिवंत आहे. राजसबाईच्या भयानें आपण त्यास आजवर लपवून ठेवलें. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू महाराज निवर्तले. मरणापूर्वीं त्यांनीं आपल्या हातच्या याद्या लिहून राज्याचा भार पेशव्यावर टाकला होता. पुढील महिन्यांत रामराजा गादीवर बसला. तो खरोखर भोसल्यांच्या वंशांतला आहे काय, अशी शंका त्याच वेळीं निघाली होती. ग्रँट डफ सांगतो कीं, रघूजी भोसल्याच्या आग्रहावरून ताराबाईनें सैन्यासमक्ष त्याच्याबरोबर भोजन केलें आणि त्या अन्नाची शपथ वाहून हा आपला नातू असल्याचें सांगितलें.

ताराबाई त्या वेळीं पंचाहत्तर वर्षांची होती. चाळीस वर्षांपूर्वीं हातचें गेलेलें राज्य नातवाच्या रूपानें परत येईल, अशी तिची आशा होती. जपानांतील निवृत्त सम्राट जसे मुलानातवांस गादीवर बसवून मागून राज्य करीत, तसेंच तिला करावयाचें होतें. फरक इतकाच कीं, ते स्वेच्छेनें निवृत्त झाले होते आणि तिला जबरीनें निवृत्त करण्यांत आलें होतें. परंतु रामराजा पेशव्याच्या वजनाखालीं गेला. १७५० सालच्या सप्टेंबरमध्यें सांगोल्याच्या मुक्कामीं त्यानें राज्यकारभाराचे सर्व अधिकार पेशव्याच्या हवालीं केले. या कराराची वाच्यता फार झाली नाहीं; पण मराठी राज्याची घटना खऱ्या अर्थानें बदलली ती तेथेंच.

दोन महिन्यांनीं चंपाषष्ठी आली. ताराबाईनें नातवाला सणासाठीं साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलाविलें. रामराजा वर गेला. पेशव्याच्या हातून सत्ता परत घे, असें तिनें त्याला परोपरीनें सांगितलें; त्याच्या मनानें तें घेतलें नाहीं. तो खालीं उतरण्यास निघाला, तों दरवाजे बंद झाले होते. २४ नोव्हेंबर १७५० चा तो दिवस. छत्रपति स्वतःच्या राजधानींत, स्वतःच्या आजीच्या कैदेंत पडला. ताराबाईनें गुजरातेंतून दमाजी गायकवाडास साह्यास बोलाविलें. दाभाड्यांच्या पक्षाचा हा सरदार डभईचा सल विसरलेला नव्हता. १७५१ सालीं तो फौज घेऊन साताऱ्याजवळ येऊन ठेपला. परंतु पेशव्यानें त्यास गांठून पाडाव केलें, अटकेंत ठेवलें, आणि गुजरातेचा अर्धा वांटा मान्य करून घेऊनच सोडलें. ताराबाई मात्र किल्ला सोडीना. पेशव्यानेंही किल्ल्यावर तोफा डागल्या नाहींत. शिवछत्रपतींच्या सुनेवर शस्त्र धरल्यास सारा महाराष्ट्र उलटेल, हें तो जाणून होता.

शेवटीं तडजोड झाली. १७५२ सालीं जेजुरीस खंडोबाच्या देवळांत ताराबाईनें शपथ घेतली. रामराजा आपला नातू नव्हेच, हा तोतया आहे, असें ती आतां सांगत होती. एकाच तोंडच्या दोन शपथा, एक अन्नाची व एक देवाची, आणि दोन्ही परस्परविरुद्ध! त्यांतील खरी कोणती हा वाद इतिहासकारांनीं पुष्कळ घातला आहे. परंतु त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. रामराजा तोतया ठरला, तर पेशव्यानें त्यास दूर करून दुसरा वारस बसवावयास हवा होता. तसें त्यानें केलें नाहीं. जो गादीवर बसला आहे त्याच्या वंशापेक्षां गादी रिकामी नाहीं हें महत्त्वाचें होतें. आणि गादीवर बसणारा जितका दुबळा, तितका पेशव्याचा कारभार निर्वेध. रामराजा नांवाचा छत्रपति राहिला, आणि ताराबाईनें त्यास आपल्या मरणापर्यंत कैदेंतच ठेवलें. पानिपतच्या अपघातानंतर जून १७६१ मध्यें बाळाजी बाजीराव खचून वारला. ती बातमी ऐकण्यास ताराबाई जिवंत होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तीही गेली. शाहू, बाजीराव, बाळाजी या साऱ्यांना तिनें मागें टाकलें. हातीं मात्र एक किल्ला आणि एक कैदी याखेरीज कांहीं उरलें नव्हतें.

यापुढें साताऱ्याचे छत्रपति किल्ल्याच्या आसऱ्यानें राहिले. त्यांच्या नेमणुकीचा हिशेब पुण्यास होई. तरीही पुण्यांतील प्रत्येक नव्या पेशव्यास वस्त्रें साताऱ्याहून आणावीं लागत. पेशव्याच्या शिक्क्यांत राजाचें नांव आधीं व प्रधानाचें मागून, हा क्रम कधीं बदलला नाहीं. १७९२ सालीं महादजी शिंद्यानें बादशहाकडून पेशव्यास वकील-इ-मुतलक पदाचें फर्मान व पोशाख आणले. बादशहा अशा दशेला पोंचला होता कीं, चार वर्षांपूर्वीं गुलाम कादरानें त्याचे डोळे काढले होते, आणि महादजीच्या फौजेमुळेंच त्याला पुन्हां आसन मिळालें होतें. तरी तो पोशाख पुण्यांत अंगावर घेण्यापूर्वीं छत्रपतींची परवानगी आणविण्यांत आली. आंधळ्या बादशहाची देणगी, बंदिस्त छत्रपतींची परवानगी, आणि पोशाख घेणारा पेशवा अठरा वर्षांचा!

कारण तोंवर पेशव्यांच्या घरांतही साताऱ्याचीच पुनरावृत्ति झाली होती. १७७३ सालीं नारायणरावाचा खून झाला. त्याच्या पश्चात् जन्मलेल्या मुलास चाळीस दिवसांचा असतांनाच पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, आणि कारभार नाना फडणविसाच्या हातीं गेला. शोगुनामागें जसे होजो, तसा पेशव्यामागें फडणवीस. पण नानापाशीं अक्कल होती, हिशेब होता, फौज नव्हती. फौज शिंदे व होळकर यांजपाशीं होती. कण्हेरखेडचे शिंदे आणि होळचे होळकर हे दोघेही पहिल्या बाजीरावाच्या हाताखालीं पुढें आलेले, माळव्यांत शेजारीशेजारी वांटे मिळविलेले. ताइरा व मिनामोतो यांच्याप्रमाणेंच, धनी समर्थ होता तोंवर हीं दोन घराणीं एका जुवाखालीं चाललीं; धनी दुबळा होतांच त्यांनीं एकमेकांवर शिंगें रोखलीं. १७९३ सालीं लाखेरीस दोघांची उघड लढाई झाली. १७९४ त महादजी, १७९५ त तरुण पेशवा आणि १८०० सालीं नाना गेला. दौलतराव शिंद्याच्या फौजेनें १७९७ सालीं पुण्यांतच मल्हारराव होळकरास मारलें. १८०१ सालीं दुसऱ्या बाजीरावानें विठोजी होळकरास पुण्यांत हत्तीच्या पायीं दिलें. त्याचा सूड घेण्यास यशवंतराव होळकर दक्षिणेंत उतरला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या मैदानावर त्यानें शिंदे व पेशवे यांच्या एकवट फौजेचा मोड केला. पेशवा कोंकणांत पळाला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं वसईस इंग्रजांच्या स्वाधीन होण्याचा तह करून बसला.

येथें जपानच्या आणि महाराष्ट्राच्या कथेची वाट वेगळी होते. ताइरा व मिनामोतो लढले, तेव्हां जिंकणारा जपानीच होता. हडपसरास यशवंतराव जिंकला, पण लाभ त्याला झाला नाहीं. वसईस बसलेल्या तिसऱ्यास झाला. आणि हा तिसरा गादीचें मोल नीट ओळखून होता. १८१८ सालीं दुसरा बाजीराव इंग्रजांपुढें पळत होता, तेव्हां त्यानें छत्रपति प्रतापसिंहास बरोबर घेतलें होतें. आपला शिक्का शत्रूच्या हातीं पडूं नये, म्हणून. फेब्रुवारींत आष्टीस बापू गोखले पडला आणि छत्रपति इंग्रजांच्या हातीं लागले. तत्पूर्वींच एल्फिन्स्टननें साताऱ्यास जाहीरनामा लावून छत्रपतींस राज्य देण्याचें वचन दिलें होतें. ज्या गादीच्या नांवानें पेशव्यांनीं सत्तर वर्षें राज्य केलें, तीच गादी पेशव्यांविरुद्ध वापरण्यांत आली. प्रतापसिंहास १८३९ सालीं पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें. १८४८ सालीं सातारा खालसा झाला. उपयोग संपल्यावर नांवही ठेवण्याचें कारण उरलें नाहीं.

हिंगोलीची छावणी ही याच घडामोडींची एक पायरी होय. निजामाच्या फौजेंत इंग्रज अंमलदार नेमून ती कवाइती करण्यांत आली. १८१९ सालच्या जानेवारींत पैनगंगेच्या बाजूच्या हटकरांचा पुढारी नोवसाजी नाईक नोव्ह्याच्या गढींत अडून बसला, तेव्हां ती गढी मेजर पिटमनच्या हुकुमतीखालील याच फौजेनें घेतली. हटकर निजामाविरुद्ध उठले होते. त्यांस मोडणारी फौज निजामाच्या पैशानें पोसलेली होती. जरब मात्र बसली ती इंग्रजांची. त्या फौजेचा खर्च वर्षास सुमारें चाळीस लाख रुपये. निजामास तो झेपेना, कर्ज वाढत गेलें, आणि १८५३ सालच्या मे महिन्यांत कंपनीनें त्यापोटीं वऱ्हाड, धाराशीव व रायचूर दुआब यांचा कारभार आपल्याकडे लावून घेतला. तेव्हांपासून पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडांत साहेबाची कचेरी, अलीकडे हिंगोलीस साहेबाची छावणी, आणि दोहोंकडे मालकी निजामाची, असा देखावा दिसूं लागला. हा दुअंमलच होता. कमाविसदार तेवढा बदलला होता.

त्याच १८५३ सालच्या जुलैमध्यें अमेरिकेचीं लढाऊ गलबतें जपानच्या किनाऱ्यास लागलीं. शोगुनाची सत्ता त्या धक्क्यानें डळमळली. परंतु तेथें शोगुनामागें सम्राटाची गादी शाबूत होती. साडेसहाशें वर्षें ती निःसत्त्व राहिली, पण कोणीं मोडली नव्हती. १८६८ सालीं शोगुनाविरुद्ध उठलेल्या सरदारांनीं त्याच गादीचें नांव पुढें करून नवें राज्य उभें केलें. हिंदुस्थानांतही माणसांच्या मनाची ओढ निराळी नव्हती. १८५७ सालीं मेरठहून उठलेले शिपाई पहिले धांवले ते दिल्लीच्या बादशहाकडे, आणि कानपुरास नानासाहेबाच्या नांवानें पेशवाईची द्वाही फिरली. पण बादशहापाशीं तख्ताशिवाय कांहीं नव्हतें, पेशव्याची गादी गेल्यास चाळीस वर्षें होत आलीं होतीं, आणि साताऱ्याची नऊ वर्षांपूर्वीं खालसा झाली होती. बहादूरशहा रंगूनास गेला व तेथेंच १८६२ सालीं वारला. बादशहा गेल्यावर निजामानेंही आपल्या रुपयावरून त्याचें नांव काढलें, आणि हिंगोलीच्या बाजारांतील तो जुना प्रश्न एका पायरीनें सोपा झाला.

हिंगोलीची छावणी पुढें उठली, १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता गेली, आणि १ मे १९९९ पासून हिंगोली हा महाराष्ट्राचा स्वतंत्र जिल्हा आहे. राजा कोण, हें रुपयावर वाचून कळत नाहीं. सनदेवर वाचूनही कळत नाहीं. कयाधूच्या कांठचा शेतकरी तें खळ्यावर ओळखीत असे. धान्याची रास पडली म्हणजे माप घेऊन जो प्रथम उभा राही, तो राजा. बाकीचीं सारीं नांवें तो दोन्ही हात जोडून ऐकून घेई.